माणसाचं प्रथिन, प्लेगचं हत्यार

माझी भाची पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत पीएचडी करते. मागच्या महिन्यात तिनं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर करंगळीच्या पेराएवढ्या नळीचा फोटो टाकला, 'आली एकदाची!' असं लिहून. नळीवर छापलं होतं 'एबीएल१, ह्यूमन, रिकॉम्बिनंट' आणि खाली बारीक अक्षरांत 'फक्त संशोधनासाठी'. आत १० मायक्रोग्रॅम प्रथिन. साखरेच्या एका दाण्याचे पन्नासेक तुकडे केले तर त्यातला एक साधारण तेवढा भरेल. अर्ध्या तासात ताईचा मला फोन. "अरे, ही पोरगी माणसाचं प्रथिन कुठून मागवते? कुठल्या माणसाचं असतं ते?" तोवर ग्रुपवर एका काकांनी मानवी अवयवांच्या व्यापाराचा कुठला तरी फॉरवर्ड टाकूनही दिला होता.

तर ताई, ते कुठल्याच माणसाचं नसतं. माणसाचा असतो तो फक्त मजकूर. एबीएल हे प्रथिन कसं विणायचं ते सांगणारा जनुक माणसाचा, विणणारे हात जिवाणूचे. नळीवरचं 'रिकॉम्बिनंट' म्हणजे हेच. भाऊजी रोज टोचून घेतात ते 'ह्यूमन' इन्सुलिन याच पद्धतीचं आहे आणि १९८२ पासून जगभर वापरात आहे. त्याबद्दल काकांनी अजून फॉरवर्ड पाठवलेला नाही.

पण इन्सुलिन हा गरीब रेणू. एबीएल तसा नाही, आणि मला जे सांगायचंय ते त्याच्या दांडगाईबद्दल आहे.

एबीएल हे एक कायनेज आहे. पेशीतलं ऊर्जेचं चलन म्हणजे एटीपी, आणि त्याच्या शेपटीला तीन फॉस्फेट असतात. कायनेज त्यातला शेवटचा काढतं आणि दुसऱ्या एखाद्या प्रथिनाला टिळा लावावा तसा चिकटवतं. फॉस्फेटवर ऋण भार असतो. तो येऊन बसला की प्रथिनाचा तो भाग वळतो, सरकतो, कधी उघडतो तर कधी मिटतो. पेशीच्या बाहेर आलेला 'वाढ', 'थांब', 'मर' असा निरोप आत पोचतो तो बऱ्याच अंशी अशा टिळ्यांच्या साखळीनं. टिळा पुसणारी प्रथिनंही असतात, त्यांना फॉस्फेटेज म्हणतात. माणसात कायनेजचे पाचशेहून जास्त प्रकार आहेत. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ, आणि त्यातले नव्वद फक्त टायरोसिन या अमिनो आम्लावरच टिळा लावतात, आणि एबीएल त्या नव्वदांतलं. टायरोसिनवरचे टिळे इतके विरळ असतात की १९७९ पर्यंत ते कुणाच्या लक्षातच आले नव्हते. कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये टोनी हंटर यांनी टिळा लागलेली अमिनो आम्लं एकमेकांपासून वेगळी करायला ताजं द्रावण बनवायचा कंटाळा करून जुनंच वापरलं. ते ठेवून ठेवून जरा जास्त आम्ल झालं होतं, सामू १.९ च्या जागी १.७. त्यामुळे नेहमी एकावर एक पडणारे दोन ठिपके वेगळे दिसले. त्यातला एक टायरोसिनचा होता.

निरोगी पेशीत एबीएल स्वतःला मुडपून गप्प बसलेलं असतं. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाली की त्याच्या मानेवर बीसीआर नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचा तुकडा येऊन बसतो. मग त्याचा लगाम सुटतो, पांढऱ्या पेशी अखंड वाढत राहतात आणि क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग होतो. 'पेशींचे सिग्नल ॲक्टिव्हेट करा' म्हणून दीड-दोन हजारांचे डबे विकणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. या रुग्णांच्या पेशींत सिग्नल उत्तम ॲक्टिव्हेट झालेले असतात.

तर हे एबीएल प्रयोगासाठी हवं. पूर्ण प्रथिन अकराशेच्या वर अमिनो आम्लांचं, पण टिळा लावणारा भाग पावणेतीनशेचा. तेवढा जनुक ई. कोलाय जिवाणूत घालायचा, जिवाणू वाढवायचे, फोडायचे, प्रथिन गाळून घ्यायचं. कागदावर सोपं दिसतं. प्रत्यक्षात जिवाणू नीट वाढत नसत, आणि प्रथिन मिळालंच तर नासक्या दुधासारखं गुठळ्या झालेलं. ई. कोलायच्या घरात आपल्यासारखे टायरोसिन कायनेज नसतात. तिथं एबीएल घुसलं की दिसेल त्या प्रथिनाला टिळे लावत सुटतं, आणि जिवाणूकडे ते पुसायची तशी सोय नसते.

मग लोक किड्यांच्या पेशींकडे वळले. मक्याच्या पोंग्यात शिरून पीक फस्त करणारी अमेरिकन लष्करी अळी आपल्या शेतकऱ्यांना २०१८ पासून चांगलीच माहीत झाली आहे. त्याच जातीच्या कोषातल्या अंडाशयाच्या पेशी प्रयोगशाळांत कित्येक दशकं वाढवल्या जातात. किड्यांचा एक विषाणू जनुक आत नेतो आणि त्या पेशी प्रथिन बनवतात. त्यांना टायरोसिनच्या टिळ्यांची सवय असते, त्यामुळे त्या डगमगत नाहीत. आजही बाजारातली बरीच कायनेजं याच वाटेनं येतात. पण हे काम वेळखाऊ आणि महागडं. शिवाय त्या पेशींत प्रथिनावर आधीच थोडेफार टिळे लागून येतात, कुणावर असतात तर कुणावर नसतात. सगळे रेणू एकसारखे हवे असतील तर ही पंचाईतच.

२००५ मध्ये बर्कलीला जॉन कुरियन यांच्या गटातल्या मार्कस सीलिगर आणि सहकाऱ्यांनी जी युक्ती छापली, ती वाचून मी खुर्चीतून उठलो होतो. त्यांनी जिवाणूत एबीएलच्या जोडीला दुसरा एक जनुक घातला, 'योप-एच' या फॉस्फेटेजचा. एक टिळे लावणार, दुसरा मागोमाग पुसत जाणार, म्हणजे यजमान सुरक्षित. हा योप-एच येतो येर्सिनिया या जिवाणूकुळातून. प्लेगचा जंतू याच कुळातला. १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला आला तो. १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई फुले ज्या साथीत गेल्या, तिचा जंतू हाच.

योप-एच हे त्याचं हत्यार आहे. आपली भक्षक पेशी जंतूला चिकटली की तिच्या आत टायरोसिनच्या टिळ्यांची साखळी सुरू होते, 'गिळ याला' असा निरोप. जंतू सुईसारख्या नळीतून योप-एच तिच्या पोटात टोचतो आणि तो सगळे टिळे पुसून टाकतो. पेशी गिळायचंच विसरते. टायरोसिनवरचे टिळे पुसण्यात इतकं चपळ प्रथिन क्वचितच सापडतं, आणि बर्कलीकरांना नेमकी हीच चपळाई हवी होती. प्रयोगशाळेत प्लेगचा जंतू नसतो हे काकांसाठी मुद्दाम सांगतो. असतो तो फक्त त्याच्या एका जनुकाचा उतारा.

जिवाणू १८ अंश सेल्सिअसला थंडावून रात्रभर ठेवतात, म्हणजे प्रथिन घाई न करता नीट घडी घालून बसतं. एबीएलच्या एका टोकाला हिस्टिडिन या अमिनो आम्लाच्या सहा मण्यांची शेपटी जोडलेली असते. ती निकेलला धरते, म्हणून निकेल लावलेल्या मण्यांच्या नळकांड्यातून रस ओतला की एबीएल अडकतं आणि बाकीचं वाहून जातं. पुढच्या गाळण्यांमध्ये योप-एच संपूर्ण काढावा लागतो. थोडा जरी राहिला तरी तुम्ही मोजायला घेतलेले टिळे तो मागून पुसत बसेल, आणि भाची म्हणते तसं, 'सहा महिने आपलं डोकं तपासून घ्यावंसं वाटेल.'

आता जरा सावरून बसा, थोडं खोल जायचंय. हाती आलेलं एबीएल टिळ्याविना कोरं असतं आणि हे कोरेपण फार कामाचं. एबीएलच्या तोंडाशी एक सैल पट्टी असते, तिच्यावर स्वतःचा एक टायरोसिन. त्यावर टिळा असला की पट्टी बाहेर उघडून राहते आणि कायनेज कामाला सज्ज असतं. टिळा नसला की पट्टी आत दुमडू शकते. तिच्या बुडाशी ॲस्पार्टेट, फेनिलॲलानिन आणि ग्लायसिन असं अमिनो आम्लांचं त्रिकूट बसतं. दुमडलेल्या रूपात त्यातल्या पहिल्या दोघांनी जागा बदललेली असते, ॲस्पार्टेट आतून बाहेर आणि फेनिलॲलानिन बाहेरून आत. त्या उलथापालथीत एटीपी बसतं त्या खाचेमागे एक जास्तीचा कप्पा उघडतो. इमॅटिनिब हे त्या रक्ताच्या कर्करोगावरचं औषध बरोबर त्या कप्प्यात जाऊन बसतं आणि एबीएलला झोपेतच जखडून ठेवतं. उघड्या, टिळा लागलेल्या एबीएलला ते नीट धरत नाही. म्हणजे प्लेगच्या हत्यारानं पुसून काढलेलं एबीएल हेच औषधाला आवडणारं रूप. सार्क नावाच्या सख्ख्या भावाची खाच जवळजवळ हुबेहूब आहे, तरी इमॅटिनिब त्याला हजारो पटींनी सैल धरतं. हे असं का, यावर शास्त्रज्ञ अजून एकमेकांशी भांडतात आणि मला ती भांडणं वाचायला फार आवडतात.

इमॅटिनिब अमेरिकेत २००१ मध्ये मंजूर झालं. आपल्याकडे ते ग्लिवेक या नावानं औषधापेक्षा खटल्यामुळे जास्त गाजलं. सर्वोच्च न्यायालयानं १ एप्रिल २०१३ ला नोव्हार्टिस या औषध कंपनीचं पेटंटचं अपील फेटाळलं. काही रुग्णांत मात्र एबीएलच्या ३१५ क्रमांकाच्या जागी थ्रिओनिनऐवजी आयसोल्युसिन येतो आणि कप्प्याच्या दारातच अडथळा उभा राहतो. मग इमॅटिनिब चालत नाही. या बदललेल्या एबीएलच्याही नळ्या वेगळ्या विकत मिळतात. भाचीची पुढची ऑर्डर तीच आहे.

ती त्या नळीचं करते काय? ३८४ बारीक खळग्यांच्या प्लेटमध्ये प्रत्येक ठिकाणी थोडं एबीएल, थोडं एटीपी, टिळा लावायला एक छोटं पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची आखूड माळ, आणि एबीएलला रोखेल का ते बघायला एकेक नवं रसायन घालते. एबीएलनं काम केलं की एटीपीचा एक फॉस्फेट जाऊन त्याचं एडीपी होतं. तासाभरानं उरलेलं एटीपी नष्ट करतात, मग तयार झालेल्या एडीपीचं पुन्हा एटीपी करतात आणि ते ल्युसिफरेजला, म्हणजे काजव्याच्या उजेड पाडणाऱ्या प्रथिनाला, खाऊ घालतात. एकेकाळी अमेरिकेत यासाठी मुलांना पैसे देऊन बरण्या भरभरून काजवे गोळा करवून घेत. आता तेही प्रथिन जिवाणूच बनवतात. जितकं एबीएल राबलं असेल तितका त्या खळग्यात उजेड.

ताईनं एकदा तो उजेड बघायची इच्छा व्यक्त केली. भाची म्हणाली, "आई, तो डोळ्यांना दिसण्याइतका नसतो, यंत्र मोजतं. आणि मी उजेड शोधतच नाही. तीनशे चौऱ्याऐंशी खळग्यांत एखादा काळा दिसतो का, तेवढंच बघते."