काळ्या तेजोमेघांच्या फोटोसाठी डिसेंबरच बरा

काळ्या तेजोमेघांचे फोटो उन्हाळ्यात पेंचच्या जंगलात जाऊन काढावेत, असं सुचवलं जातं; मला डिसेंबर बरा वाटतो. रोहिणीच्या उत्तरेला आणि कृत्तिकांच्या पूर्वेला आकाशात तारे विरळ दिसतात. तारे आहेत, पण सुमारे 450 प्रकाशवर्षांवर थंड वायू आणि धुळीचा प्रचंड मेघ, म्हणजेच काळा तेजोमेघ, आडवा आला आहे. त्यातली धूळ वजनाने मेघाच्या जेमतेम शंभराव्या हिश्शाइतकी, तरी मागचा उजेड अडवायला तेवढी पुरते. आत तापमान उणे 260 अंशांच्या आसपास, आणि तिथेच नवे तारे जन्मतात! अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ एडवर्ड बर्नार्ड यांनी 1919 साली अशा 182 काळ्या खुणांची यादी प्रसिद्ध केली.

या मेघाला स्वतःचा उजेड जवळपास नसतोच. फोटोत उमटतात ते मागचे तारे. ते जिथे बुजतात तिथे मेघ. शहराचा उजेड दोन्हींवर सारखाच चढतो आणि फरक पुसून टाकतो. मृगातल्या तेजोमेघासाठी वापरतात ते फिल्टर इथे निरुपयोगी, कारण ते ठरावीक रंगच आत सोडतात आणि ताऱ्यांचा उजेड सगळ्या रंगांचा असतो. काळोखी जागा गाठणे, हाच उपाय.

पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीचा काळोख जपणारी जागा) म्हणून मान्यता मिळाली, याचा मला फार आनंद आहे. पण पेंच नागपूरच्या उत्तरेला, त्यामुळे उन्हाळ्यात असे मेघ टिपायला जिकडे कॅमेरा रोखायचा तो वृश्चिक नेमका शहराच्या झगमगाटावर येतो. त्यात मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला पेटवतात, त्याचा धूर. मे महिन्यात रात्रीही कॅमेरा तापलेलाच. सेन्सर सहा-एक अंशांनी तापला की उजेड नसताना साचणारा खोटा सिग्नल दुप्पट होतो.

डिसेंबरात मात्र हा वृषभेतला मेघ रात्री अकराच्या सुमारास जवळपास डोक्यावर असतो. हवेचा थर सगळ्यात पातळ तिथेच. अमावास्येच्या आसपास धुऱ्यावर ट्रायपॉड, ट्रॅकर (ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारं यंत्र) आणि 135 मिमीची लेन्स लावा. ट्रॅकर ध्रुवताऱ्याकडे रोखून लावायचा असतो आणि विदर्भात ध्रुवतारा जेमतेम 21 अंशांवर, म्हणून उत्तरेला झाड नको. दोन-दोन मिनिटांचे फोटो तीन तास घेत राहा आणि नंतर एकत्र जोडा. फोटोंची संख्या चौपट केली की चित्रातली दाणेदार खरखर निम्म्यावर येते. ओलिताच्या गव्हाजवळ दव फार पडतं, लेन्सला गरम पट्टा हवाच. आणि रात्रीच्या लाइनवर शेजारच्या वावरात कुणी पाणी द्यायला येणार असेल, तर बॅटरी जमिनीकडे धरायला आधीच सांगून ठेवा.