'फास्ट'च्या उलट फक्त 'स्लो' नाही

शाळेत पाठ केलेली 'फास्ट-स्लो' ही जोडी लोकलच्या फलाटावर पुरते, इंग्रजीत पुरत नाही. 'फास्ट'चा मूळ अर्थ घट्ट, पक्का. जोर लावून धावणं यातून वेगाचा अर्थ पुढे निघाला. म्हणून 'फास्ट कलर' म्हणजे धुतल्यावर न जाणारा रंग, आणि त्याच्या उलट कच्चा रंग. तिथे 'स्लो' चालतच नाही. 'फास्ट अस्लीप' म्हणजे गाढ झोपेत, चटकन झोपलेला नव्हे! ही चूक फार मुलं करतात, कारण आपण त्यांना वाक्याशिवाय सुटा शब्द देतो. उपवासाचा 'फास्ट'सुद्धा याच मुळातला: नेम घट्ट धरणं. तो मोडणारा पहिला घास म्हणजे 'ब्रेकफास्ट'.