पार्श्वभूमी : लकव्यावरची स्टेम सेल ‘थेरपी’ आणि दोन शब्दांचा घोळ

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे लकव्याचा रुग्ण महिना-दोन महिने अंथरुणाला खिळला, की कोणीतरी मुंबई-पुण्याच्या स्टेम सेल (इतर पेशी घडवू शकणाऱ्या मूळ पेशी) ‘पॅकेज’चा निरोप घेऊन येतोच. शेत गहाण ठेवायची तयारी होते. हा उपचार आला कुठून आणि नियमांच्या कुठल्या फटीत उभा आहे, हे त्याआधी समजायला हवे. (इथे फक्त मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून होणाऱ्या लकव्याचा विचार केला आहे, रक्तस्रावाचा लकवा वेगळा.)

लकवाग्रस्त मेंदूत प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी सोडण्याचा प्रयोग अमेरिकेत १९९८ मध्ये झाला. रुग्ण होते १२. मेलेल्या चेतापेशींच्या जागी नव्या रुजतील, ही तेव्हाची आशा होती, पण ती टिकली नाही. शिरेतून दिलेल्या पेशी बव्हंशी फुप्फुसातच अडकतात. मग पेशींतून पाझरणारी रसायने मेंदूची सूज कमी करतील, उरलेल्या पेशींना बळ देतील, असा नवा तर्क पुढे आला. २०१६ मध्ये लकवा जुना झालेल्या १८ रुग्णांच्या मेंदूत थेट पेशी टोचल्यावर सुधारणा दिसली आणि जगभर गाजावाजा झाला. पण त्यात तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. तुलनागट ठेवून १६३ रुग्णांवर चाचणी झाली, तेव्हा २०१९ मध्ये मुख्य निकष हुकल्याचे जाहीर झाले.

भारतातली चाचणी आपल्या दृष्टीने जास्त मोलाची. ५ रुग्णालये, १२० रुग्ण, लकव्यानंतर ७ ते ३० दिवसांत स्वतःच्याच अस्थिमज्जेतल्या सरासरी २८ कोटी पेशी शिरेतून. निकाल २०१४ मध्ये आला. सहा महिन्यांनी रोजची कामे स्वतः करण्याचे गुण पेशी मिळालेल्यांत ६३.१ आणि न मिळालेल्यांत ६३.६. अपाय नाही, पण फायदाही नाही.

तरीही जाहिराती चालू राहिल्या, त्याचे मूळ दोन शब्दांत आहे.

पहिला शब्द ‘थेरपी’. स्टेम सेलविषयीच्या २००७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या शीर्षकात ‘संशोधन आणि थेरपी’ असे होते. २०१३ मध्ये ‘थेरपी’ जाणीवपूर्वक वगळली. रक्ताचे व तत्सम मोजके विकार सोडले तर सिद्ध झालेला उपचारच नाही, मग नाव कशाला, ही भूमिका योग्यच होती. पण मार्गदर्शक तत्त्वे म्हणजे कायदा नव्हे.

दुसरा शब्द ‘किमान हाताळणी’, आणि खरी गोम इथे आहे. २०१९ च्या औषध नियमांनी स्टेम सेलपासून केलेले उत्पादन ‘नवे औषध’ ठरवले, पण किमानपेक्षा जास्त हाताळणी झाली असेल तरच. प्रयोगशाळेत पेशी वाढवल्या की परवानगी लागते. नुसत्या वेगळ्या करून त्याच दिवशी परत दिल्या की दवाखाना म्हणतो, हे औषधच नाही.

प्रत्यक्षात करतात ते असे. कंबरेमागच्या हाडाच्या कडेला भूल देऊन मज्जा ओढतात. एकाच जागेतून जास्त ओढली की साधे रक्त मिसळते आणि मज्जा पातळ होते. म्हणून सुई थोडी-थोडी सरकवावी लागते. नंतर मज्जेचा ठरावीक घनतेच्या द्रावावर अलगद थर देऊन ती सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगाने गरगर फिरवून थर वेगळे करणाऱ्या यंत्रात) फिरवतात. यंत्र थांबवताना ब्रेक लावला तर थर ढवळतात. मधला पांढुरका ढगाळ पट्टा तेवढा उचलतात, सलाईनने धुतात, मोजतात आणि शिरेतून देतात. त्या पट्ट्यात मुख्यतः साध्या पांढऱ्या पेशी असतात, खऱ्या स्टेम सेल अगदी थोड्या. म्हणजे ‘हाताळणी’ किमान आणि नावातला मालही किमान. रुग्ण रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल तर सुईच्या जागी रक्त साकळते, तो धोका वेगळा.

पहिल्या तीन महिन्यांत बऱ्याच रुग्णांचा हात-पाय आपोआप थोडा परततो, त्यातच पॅकेजमध्ये रोजचा व्यायामही असतो. श्रेय मात्र पेशी घेतात. कुणी ‘चाचणी’ म्हणाले तर सीटीआरआय (चाचण्यांची भारतातली सरकारी नोंदवही) क्रमांक मागावा. तो असला तरी केवळ नोंद झाली एवढेच सिद्ध होते.

चेतापेशी वाचवणाऱ्या औषधांचीही गत तशीच. सिटिकोलिन २०१२ च्या सुमारे २,३०० रुग्णांच्या चाचणीत निष्फळ ठरले, तरी आपल्याकडे सर्रास लिहिले जाते. मानेतल्या व्हेगस या चेतातंतूला व्यायामाच्या वेळी विद्युत झटके देणारे यंत्र २०२१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. ते लकव्यानंतर दुबळा राहिलेल्या हातासाठी आहे.

खरी झेप गुठळी विरघळवण्यात पडली. लकवा आल्यापासून त्याचे इंजेक्शन देण्याची मुदत १९९५ च्या चाचणीत ३ तास होती, २००८ मध्ये साडेचार झाली. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर गुठळी तारेने ओढून काढणे २०१५ पासून, आणि निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत २०१८ पासून सिद्ध आहे. धडगावच्या रुग्णाला चांदसैली घाट उतरून नंदुरबार गाठायलाच दोन तास सहज लागतात, दरड कोसळली तर विचारूच नका. आधी मालिश, झाडपाला झाला तर मुदत घरीच संपते. अल्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारे औषध ६० किलोच्या माणसाला ५४ मिलिग्रॅम लागते : ५.४ पहिल्या मिनिटात, उरलेले पंपावर तासभर. त्याच कामाच्या टेनेक्टेप्लेजचा पूर्ण डोस एका टोचणीत काही सेकंदांत जातो आणि अमेरिकेने २०२५ मध्ये लकव्यासाठी ते मंजूर केले. सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन तालुक्याला असेल, तर टोचून लगेच रुग्णवाहिका पुढे काढता येते, पंप सांभाळत बसावे लागत नाही.