रक्त तपासायचंय? पैसे भरण्याआधी हे वाचा

परळच्या आमच्या लॅबमध्ये केस पेपर हातात घेऊन आलेले नातेवाईक हमखास विचारतात, "हे योजनेत बसत नाही का हो?" पुष्कळदा बसतं. म्हणून आधी ते बघून घ्या.

सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), शुगर यांसारख्या नेहमीच्या तपासण्या असतील आणि घाई नसेल, तर घराजवळच्या महापालिकेच्या 'आपला दवाखाना'त दाखवा. मुंबईत हे दवाखाने २०२२ साली सुरू झाले. १४७ चाचण्या तिथे मोफत आहेत.

पेशंट महात्मा फुले जन आरोग्य योजनेत दाखल असेल, तर मंजूर उपचाराला लागणाऱ्या तपासण्या पॅकेजमध्येच धरलेल्या असतात. तरीही "रक्त बाहेरून तपासून आणा" असं सांगितलं, तर आमच्याकडे धावत येऊ नका. आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला भेटा किंवा १५५३८८ वर फोन करा. आम्ही या योजनेत नाही, त्यामुळे आमच्या पावतीवर पैसे परत मिळतील असं धरून चालू नका. गरोदर बाईच्या रक्त-लघवीच्या तपासण्या सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत होतात. महिन्याचा पगार २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआयसीचं (कामगार विमा योजनेचं) कार्ड निघतं का, हे कंपनीत विचारा.

राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. केईएम, नायर, शीव ही मात्र महापालिकेची रुग्णालयं आणि जेजे वैद्यकीय शिक्षण विभागाचं. त्यांचे दर त्यांच्याच काउंटरवर विचारा.

आता आमच्या बिलाविषयी. त्यात रक्त काढणं, चाचणी आणि पॅथॉलॉजिस्टची फी एवढंच येतं. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांची फी त्यांच्या दवाखान्यात वेगळी. आमच्या बिलातून त्यांना एक रुपयाही कट जात नाही. असा कट घ्यायला डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत बंदी आहे आणि आम्हालाही तो मुळीच पटत नाही. शेवटी तो पेशंटच्याच खिशातून जातो. रक्ततपासणीवर जीएसटी नाही. तो कुठे लावलेला दिसला तर जरूर जाब विचारा.

शुगरसोबत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) असेल तर दोन नळ्या भरतात, राखाडी झाकणाची शुगरसाठी आणि जांभळ्या झाकणाची एचबीए१सीसाठी. टोचणं एकदाच.

रिपोर्ट हातात पडला की सही बघा. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केल्याप्रमाणे ती पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी. आणि येताना जुने रिपोर्ट घेऊन या. अलीकडेच झालेली एखादी तपासणी पुन्हा लिहिली असेल, तर ती खरंच लागणार आहे का, हे रक्त काढण्याआधी तुमच्या डॉक्टरांना फोन करून विचारता येईल.