शरीर हलत नाही म्हणून माणूस आत नाही असं नसतं

डोक्याला जबर मार लागलेला पेशंट कोमातून बाहेर येतो, डोळे उघडतो, झोपतो-जागा होतो, पण हाक मारली तरी बघत नाही, हात दाब म्हटलं तर दाबत नाही. मग घरच्यांना सांगतात की याला काही कळत नाहीये. बऱ्याचदा ते खरंच असतं, पण दरवेळी नाही.

2006 मधे केंब्रिजला मेंदूशास्त्रज्ञ एड्रियन ओवेन यांच्या टीमने अशाच एका 23 वर्षांच्या मुलीला एमआरआय मशीनमधे ठेवलं, रोड अॅक्सिडेंट झालेला आणि पाच महिने काहीही रिस्पॉन्स नाही. तिला सांगितलं, तू टेनिस खेळतेयस असं मनात आण, आणि मेंदूत हालचाल ठरवणारा भाग कामाला लागला. मग म्हणाले आता तुझ्या घरातल्या खोल्यांमधून फिर, तर जागा ओळखणारे वेगळेच भाग चालू झाले, अगदी धडधाकट माणसासारखे! म्हणजे तिला बोलणं समजत होतं, सांगितलेलं ती अर्धा-अर्धा मिनिट मनात धरून ठेवत होती, फक्त शरीर साथ देत नव्हतं. 2010 मधे तर एका पेशंटने 'हो' साठी टेनिस आणि 'नाही' साठी घर असं करून वडिलांच्या नावाबद्दलच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं.

असे किती असतील? 2024 च्या मोठ्या अभ्यासात सूचना पाळताना अजिबात न दिसणारे 241 पेशंट होते, त्यातल्या 60 जणांचा मेंदू सूचना पाळत होता. चारात एक! म्हणून कळकळीने सांगतो, पेशंटच्या उशाशी उभं राहून 'आता काही उपयोग नाही' असलं बोलू नका, ते खोलीबाहेर बोला, आणि त्याच्याशी मात्र नाव घेऊन, रोजच्यासारखं बोलत रहा.

याचा रिकव्हरीशीही संबंध आहे. न्यूयॉर्कमधे आयसीयूतल्या पेशंटचा साध्या ईईजीवर (डोक्याला तारा लावून मेंदूतले विजेचे संकेत टिपणारी तपासणी) अभ्यास झाला, 2019 मधे छापून आला. ज्यांच्या मेंदूने छुपा प्रतिसाद दिला त्यातले 44 टक्के लोक वर्षभरात दिवसाचे निदान आठ तास एकटे राहू शकतील इतके सुधारले, बाकीच्यांमधे हेच प्रमाण 14 टक्के.

पण टेस्टमधे काही दिसलं नाही तर लगेच आशा सोडायची नाही, कारण 2024 च्या त्याच अभ्यासात सूचना उघडउघड पाळणारे 112 पेशंटही होते, आणि त्यातल्या फक्त 43 जणांचा प्रतिसाद मशीनला सापडला.