बाळाच्या कानातून येणारा आवाज : ओएई चाचणीची पार्श्वभूमी

बाळ-बाळंतिणीला घरी सोडण्यापूर्वी आता बऱ्याच रुग्णालयांत बाळाची ओएई (ओटोअकॉस्टिक एमिशन्स) ही ऐकण्याची चाचणी करून घेतात. बाळ दूध पिऊन झोपलं की त्याच्या कानात मऊ रबरी टोकाची नळी बसवायची. त्या टोकात एक इवलासा स्पीकर असतो आणि एक मायक्रोफोन. थोड्याच वेळात यंत्रावर ‘पास’ किंवा ‘रेफर’ (म्हणजे पुन्हा तपासायला हवं) उमटतं. स्पीकर कशासाठी ते कुणालाही कळेल. मायक्रोफोन मात्र बाळाच्या कानातून बाहेर येणारा आवाज टिपण्यासाठी असतो. कान ऐकतो तसा स्वतः आवाजही करतो, ही कल्पना मांडली गेल्यापासून तिचा पुरावा हाती येईपर्यंत तीस वर्षं गेली.

कानाचा पडदा आणि त्यामागची हातोडी, ऐरण, रिकीब ही तीन हाडं सोळाव्या शतकातच इटलीतल्या शरीरशास्त्रज्ञांनी शवविच्छेदनात पाहिली होती. कोडं होतं ते आतल्या कानाचं. वाटाण्याएवढ्या जागेत अडीच वेढे घेऊन बसलेली, द्रवाने भरलेली शंखाकृती नळी म्हणजे कॉक्लिया. ती उलगडली तर जेमतेम ३५ मिलिमीटर भरते. १८५१ साली अल्फोन्सो कोर्ती या इटालियन संशोधकाने तिच्यातल्या केसपेशींच्या, म्हणजे टोकाला केसांसारखे झुबके असलेल्या पेशींच्या, रांगांचं सूक्ष्मदर्शकाखाली पाहून वर्णन केलं. पुढे हर्मन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने मत मांडलं की, या केसपेशी ज्या पातळ पडद्यावर उभ्या असतात त्याचे तंतू पियानोच्या तारांसारखे लहानमोठे आहेत आणि प्रत्येक तंतू आपापल्या सुरालाच थरथरतो.

आत खरंच काय घडतं हे प्रत्यक्ष पाहिलं गेऑर्ग फॉन बेकेशीने. बुडापेस्टमध्ये टपाल खात्याच्या टेलिफोन प्रयोगशाळेत तो नोकरीला होता. टेलिफोन सुधारायचा तर आधी कान कळायला हवा, असा त्याचा विचार. मृतदेहांतून काढलेले कान द्रवात बुडवून त्याने अतिबारीक हत्यारांनी कोरले, आत चांदीचे कण टाकले आणि लुकलुकत्या प्रकाशात, सूक्ष्मदर्शकातून पडद्याची हालचाल न्याहाळली. त्याला सुट्या तारा दिसल्या नाहीत, एक सरकती लाट दिसली. ती रिकिबीजवळून निघते, वाढत जाते, एका जागी सर्वांत उंच होते आणि ओसरते. सूर उंच असेल तर ती जागा सुरुवातीलाच असते. सूर खर्जातला असेल तर पार टोकाला. या कामासाठी त्याला १९६१ साली नोबेल मिळालं. माझ्या मते हाताच्या कौशल्यावर मिळालेल्या थोड्या नोबेलांपैकी हे एक.

पण ती लाट फार पसरट होती. सुरांमधला बारीक फरक ओळखणाऱ्या माणसाच्या कानाशी तिचा मेळ बसेना. शिवाय मृत कानात ती दिसावी म्हणून बेकेशीला कानठळ्या बसवणारे आवाज वापरावे लागले होते.

या विसंगतीचं उत्तर १९४८ सालीच दिलं गेलं होतं. युद्धकाळात रडारवर काम केलेला थॉमस गोल्ड तेव्हा केंब्रिजमध्ये होता. (हॉइल आणि बाँडी यांच्यासोबत विश्वाचा स्थिर स्थिती सिद्धांत त्याच वर्षी मांडणारा गोल्ड हाच, नारळीकरांच्या वाचकांना हे नाव परिचयाचं असेल.) त्याचा मुद्दा सरळ होता. द्रवात बुडालेली तार छेडली तर तिचं कंपन लगेच विरतं. तरीही कान इतका नेमका ऐकतो, याचा अर्थ आतून कुणीतरी सतत शक्ती पुरवत असलं पाहिजे. आणि तसं असेल, तर कधीकधी कानातून आवाज बाहेरही यायला हवा. त्याचं म्हणणं कुणी मनावर घेतलं नाही. बेकेशीच्या प्रयोगांचा दबदबाच तसा होता.

१९७१ मध्ये विल्यम ऱ्होड या अमेरिकन संशोधकाने जिवंत माकडांच्या कॉक्लियात मोजमाप केलं. हळू आवाजाला तिथला प्रतिसाद प्रमाणाबाहेर मोठा होता, आणि प्राणी मेल्यावर ही वाढ नाहीशी होत होती. मग १९७८ साली लंडनमधल्या डेव्हिड केंपने निरोगी माणसांच्या कानात ‘टक्’ असा आवाज सोडून नोंद घेतली. पाच ते पंधरा मिलिसेकंदांनी कानातून क्षीण उत्तर येत होतं. आतल्या कानाचा बहिरेपणा असलेल्यांकडून ते येत नव्हतं. गोल्डचं म्हणणं खरं ठरलं. ओएई या तीन अक्षरांमागे आहे तो हाच प्रयोग.

ही शक्ती पुरवतात कॉक्लियातल्या बाहेरच्या रांगांमधल्या केसपेशी. एका कानात त्या सुमारे बारा हजार असतात. मेंदूकडे बातमी पोचवण्याचं काम मुख्यतः आतल्या रांगेतल्या साडेतीन हजार पेशींचं. बाहेरच्या पेशी विद्युत दाबातल्या बदलांसरशी आखडतात आणि लांबतात, तेही सेकंदाला हजारो वेळा, आणि त्या धक्क्याने लाट उंचावते. विल्यम ब्राउनेलने १९८०च्या दशकात हे दाखवलं. त्यामागचं प्रेस्टिन हे प्रथिन २००० साली सापडलं. या पेशी गेल्या की ऐकणं ४० ते ६० डेसिबलनी घटू शकतं. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. डीजेच्या भिंतीपुढे लहान मुलांना नाचवणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं, ही कळकळीची विनंती.

‘रेफर’ आलं म्हणून आईवडिलांनी घाबरून जाऊ नये. पहिल्या एक-दोन दिवसांत बाळाच्या कानात द्रव किंवा चिकटा असला तरी तसं येतं, म्हणून चाचणी पुन्हा करतात. पुन्हा बोलावलं की जायला मात्र हवंच. ओएई फक्त बाहेरच्या केसपेशींची खबर देते, पुढच्या नसेची नाही. त्यामुळे एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) राहिलेल्या किंवा कावीळ फार वाढलेल्या बाळांची ओएई ‘पास’ असली तरी डॉक्टर बेरा ही दुसरी चाचणी करायला सांगतात. त्यात डोक्याला इलेक्ट्रोड लावून, आवाजानंतर श्रवणाच्या नसेतून मेंदूकडे जाणारे विद्युत संदेश तपासले जातात.