राखीव रनिंग बॅक आणि जोडीदार रनिंग बॅक: मोल ठरवताना होणारी गल्लत

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा मोसम सुरू झाला की एक वाद हटकून रंगतो. दुसऱ्या क्रमांकाचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, दर धावेमागे पहिल्यापेक्षा जास्त यार्ड काढतोय, मग चेंडू त्याच्याच हातात का देत नाहीत? गंमत अशी की वाद घालणारे बरेचदा दोन निराळ्या खेळाडूंबद्दल बोलत असतात. एक राखीव, दुसरा जोडीदार. संघाच्या यादीत दोघांची जागा एकच, काम मात्र वेगळं.

जोडीदार प्रत्येक सामन्यात खेळतो, पण आपल्या वाट्यापुरता. डॅलस काउबॉइजचा टोनी पोलार्ड २०२२ मध्ये असा होता. इझिकिएल इलियटने २३१ कॅरीत, म्हणजे चेंडू घेऊन काढलेल्या धावांत, ८७६ यार्ड मिळवले, सरासरी ३.८. पोलार्डने १९३ कॅरीत १,००७, सरासरी ५.२. निकाल लागला असं वाटतं. पण गोलरेषेजवळ, एक-दोन यार्डांसाठी झोंबाझोंबी व्हायची तेव्हा चेंडू बहुधा इलियटकडे जायचा. त्या मोसमात त्याने धावून १२ टचडाउन केले, म्हणजे तितक्या वेळा चेंडू गोलरेषेपार नेला. अशी एक यार्डाची धाव संघाला सहा गुण देते आणि धावणाऱ्याची सरासरी मात्र खाली ओढते.

पुढच्या वर्षी काउबॉइजने इलियटला सोडलं आणि पोलार्डला फ्रँचायझी टॅग (खेळाडूला आणखी एक वर्ष संघात राखणारा करार) लावून सुमारे १ कोटी डॉलर मोजले. २०२३ चा हिशोब: २५२ कॅरी, १,००५ यार्ड, सरासरी ४.०. कॅरी ५९ ने वाढल्या आणि यार्ड दोनने घटले! जानेवारीतल्या प्लेऑफ सामन्यात त्याचा पाय मोडला होता, त्याचाही परिणाम असणारच. तरी माझं ठाम मत आहे की ५.२ ही सरासरी एकट्या पोलार्डची नव्हती, जोडीची होती.

राखीव खेळाडूचं गणित निराळं. मिनेसोटा वायकिंग्जचा अलेक्झांडर मॅटिसन घ्या. २०२१ मध्ये मुख्य रनिंग बॅक डॅल्विन कुक दुखापतीमुळे बाहेर असताना सिअ‍ॅटल आणि डेट्रॉइटविरुद्ध त्याने शंभर यार्डांचा टप्पा ओलांडला. २०२३ मध्ये कुक गेला आणि जागा मॅटिसनला मिळाली. १८० कॅरीत ७०० यार्ड, धावून टचडाउन एकही नाही. म्हणून तो वाईट राखीव होता असं म्हणणं अन्यायाचं आहे. दोन आठवडे डावपेच न बदलता संघ सावरणं हेच राखीव बॅकचं काम, आणि ते त्याने चोख केलं. पूर्ण मोसमाचा भार ही वेगळी परीक्षा आहे.

राखीव बॅक निवडताना मी सरासरीआधी क्वार्टरबॅकवर, म्हणजे पास फेकणाऱ्या खेळाडूवर, चालून येणाऱ्याला तो अडवू शकतो का, ते पाहीन. जिथे ते जमत नाही, तिथे थर्ड डाउनला, म्हणजे दहा यार्ड मिळवण्याच्या तिसऱ्या प्रयत्नात, जेव्हा बरेचदा पास फेकला जातो, प्रशिक्षक त्याला मैदानात ठेवायला कचरतात. स्पेशल टीम्समध्येही, म्हणजे किकच्या वेळी उतरणाऱ्या गटांतही, तो उपयोगी हवा, कारण ५३ जणांच्या संघात नुसतं वाट बघणाऱ्याला जागा परवडत नाही.

जोडीदारावर मात्र पैसा जरूर खर्च करावा. डेट्रॉइट लायन्सने २०२३ मध्ये डेव्हिड माँटगोमरी आणि जमीर गिब्ज यांना एकत्र आणलं. माँटगोमरीने १,०१५ यार्ड काढले, गिब्जने ९४५. ऑक्टोबर २०२४ मध्ये, गिब्ज भरात असतानाच, लायन्सने माँटगोमरीचा करार आणखी दोन वर्षांनी वाढवला.